आपण म्हणजे कोण कोण

बोट सुटल्यापासून मावशींचं समुद्राकडे लक्षच नव्हतं. एवढं निळंशार पाणी आजूबाजूला, लोक उभे राहून फोटो काढताहेत, आणि मावशी मांडीवर पिशवी घेऊन समोर बसलेल्या मुला-सुनेच्या तोंडाकडे बघताहेत. त्यांना एकच शब्द ऐकायचा होता. ही दोघं 'आपण' म्हणतात की 'आम्ही'?

"पोचायला अर्धा तास लागेल," मुलगा म्हणाला.

लागेल. कुणाला, ते काही बोलला नाही.

"संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला जाता येईल," सून म्हणाली.

येईल. घ्या! ही दोघं अलीकडे अशी बोलायला लागली होती, की वाक्यात माणूसच नाही. जायचंय, बघायचंय, ठरायचंय. घरात नुसती क्रियापदं मोकाट फिरत होती आणि त्यांचा धनी कोण ते कळायला मार्ग नव्हता.

याची सुरुवात झाली महिन्यापूर्वी. मावशी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या आणि सून आत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. "अगं हो, याची बदली झालीये. आम्ही पुढच्या महिनाअखेरीला शिफ्ट होतोय. नाही गं, आईंना अजून सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच कळत नाहीये." मावशींच्या हातातला चिमटा सुटला तो थेट तळमजल्यावर जाऊन पडला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं स्वच्छ ऐकल्यावर राहिलं काय? राहिलं ना! त्या 'आम्ही'त कोण कोण आहे ते राहिलं. मैत्रीण पडली बाहेरची. तिच्याशी बोलताना अख्खं घर 'आम्ही' असतं, त्यात सासूही येते. येतेच असं नाही, पण येऊ शकते. खरं काय ते कळायचं तर कुणीतरी मावशींशी बोलताना ते वाक्य म्हणायला हवं. "आई, आपण जातोय" म्हणाले, तर मावशी निघाल्या बरोबर. "आई, आम्ही जातोय" म्हणाले, तर संपलंच. पुढचं सगळं आयुष्य मुलाच्या घरात काढायचं की कुठे आणखी, ते त्या एका शब्दावर होतं.

मग सरळ विचारायचं की! पण विचारलं आणि 'नाही' आलं तर? या बाईनं सगळी हयात हॉस्पिटलात दुसऱ्यांचे रिपोर्ट आणून देण्यात घालवली, आणि स्वतःचा रिपोर्ट उघडायची वेळ आली तेव्हा हात चालेना. जेवताना घास तोंडात फिरायचा. कपाळावर आठी पडली की सून विचारायची, "बरं नाही का आई?" आणि मावशी म्हणायच्या, "छे, मला काय धाड भरलीय!"

आणि मध्येच हे सहलीचं निघालं. "आई, तीन दिवस बेटावर जाऊ या," मुलगा म्हणाला. "मस्त रिसॉर्ट आहे, मालिश-बिलिश असतं. जन्मात कधी आराम केला नाहीस तू." जाऊ या! मावशींनी तो 'या' पकडला आणि रात्रभर मनात घोळवला. पण सहलीला 'जाऊ या' म्हटलं म्हणजे कायमचं 'जाऊ या' झालं असं नाही, हे त्यांना सकाळी दात घासताना कळलं.

मावशी म्हणजे कुणाची मावशी, असं विचाराल तर कुणाचीच नाही. त्यांना बहीणच नव्हती, तर भाचरं कुठली! पण मोठ्या हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात आया म्हणून लागल्या त्या दिवशी त्या मावशी झाल्या आणि निवृत्तीपर्यंत मावशीच राहिल्या. मोठे डॉक्टर मावशी म्हणायचे, त्यांच्या आईच्या वयाच्या म्हाताऱ्याही मावशी म्हणायच्या. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असायचं, ते वाचताना त्यांनाच परकं वाटायचं. कुणी बरी होऊन घरी निघाली आणि "माय मरो पण मावशी जगो" म्हणत गळ्यात पडली, की मावशी म्हणायच्या, "जगते हो, पण आता सोडा, अजून सगळ्या ओळीच्या चादरी बदलायच्यात."

नवरा गेला तेव्हा पोरगा चार वर्षांचा. गेला म्हणजे वारला, पळून-बिळून नाही. हे मावशी आवर्जून सांगायच्या, कारण वॉर्डात पळून गेलेल्या नवऱ्यांचा सुकाळ होता. घरी पोराला बघायला कुणी नाही, म्हणून शाळा सुटली की तो हॉस्पिटलात यायचा आणि चादरींच्या खोलीबाहेरच्या बाकावर दप्तर उघडून बसायचा. आईचा आवाज त्याला दिवसभर भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

"आपण आता कूस बदलू या हं." "आपण हे औषध घेऊन टाकू." "आपण आता ऑपरेशनला जाऊ या, काही घाबरायचं नाही."

कूस बदलायची ती पेशंटनं, कडू औषध गिळायचं तिनं, पोट कापून घ्यायचं तेही तिनंच. मावशी ऑपरेशनच्या दारापर्यंत ट्रॉली ढकलून परत. पण 'तू जा' म्हटलं की बाई एकटी पडते. 'आपण जाऊ या' म्हटलं की तिला वाटतं, कुणीतरी आहे बरोबर. वॉर्डातलं 'आपण' म्हणजे गोड बोलून एकटीला आत पाठवायची युक्ती, आणि मावशी तिच्यात पटाईत होत्या. यात खोटं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. बाई शांत झाली, काम झालं.

पोरगा हे ऐकतच वाढला. दुसरीत असताना बाईंनी वही मागितली, तर हा उभा राहून मऊ आवाजात म्हणतो, "बाई, आपण आज गृहपाठ केलेला नाही." बाई म्हणाल्या, "आपण म्हणजे कोण कोण रे?" सगळा वर्ग खो खो हसला. मावशी ही गोष्ट नकलेसकट सांगायच्या आणि टाके पडलेल्या बायका पोट धरून म्हणायच्या, "बास हो मावशी, टाके तुटतील."

तर असं हे प्रकरण बेटावर पोचलं.

धक्क्यावर दोन मुली थंडगार ओले रुमाल घेऊन उभ्या होत्या. "आपलं स्वागत आहे. आपण इकडून यावं," त्यातली एक म्हणाली. मावशींनी दचकून तिच्याकडे पाहिलं. हे तिसरंच 'आपण' निघालं! म्हणजे 'तुम्ही'च, फक्त कडक इस्त्री केलेलं. आधीच डोक्यात दोन शब्दांची मारामारी, त्यात या पोरी दर वाक्याला 'आपण' म्हणत होत्या आणि दर वेळी मावशींच्या काळजात लक्क होत होतं.

आत झाडांमधून लाकडी वाट, दोन्ही बाजूंना छोटी छोटी घरं, आणि वळणावर पाटी, 'शांतता राखा'. ही पाटी मावशींनी जन्मभर पाहिली होती. तिकडे ती कुणी पाळत नसे, इथे सगळेच पाळत होते. माणसं आरामखुर्च्यांवर पडलेली, डोळे मिटलेले, हालचाल नाही. मावशींनी सवयीनं दोघातिघांची छाती वरखाली होतेय का ते बघून घेतलं.

मुला-सुनेची खोली एक आणि मावशींची वेगळी. "तुला मोकळं वाटेल," मुलगा म्हणाला. मोकळं! दोन खोल्यांच्या घरात इतकी वर्षं कधी अडचण झाली नाही, आणि आता मोकळं कशाला पाहिजे? पण मावशी म्हणाल्या, "छान आहे हो खोली. अगदी छान."

कारण मावशींनी बोटीतच एक निश्चय केला होता, की काहीही झालं तरी कुरकुर करायची नाही. वॉर्डात त्यांनी एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. हसतमुख म्हातारीला डिस्चार्ज मिळाला की न्यायला पाच माणसं यायची. किरकिऱ्या म्हातारीच्या घरी फोन करून करून वॉर्डबॉय थकायचा आणि शेवटी कुणीतरी लांबचा जावई तोंड वाकडं करत यायचा. न्यायचं म्हटलं की लोक आनंदी माणूस नेतात. तेव्हा आता तोंडावर हसू ठेवायचं, सगळ्याला छान म्हणायचं.

खोलीत एकट्या पडल्यावर मात्र त्यांना काय करावं ते सुचेना. पलंग एवढा मोठा, की त्यावर वॉर्डातल्या तीन जणी झोपल्या असत्या. त्यावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला. हंस काय करायचाय? मावशींनी तो उलगडला. मग वाटलं, उलगडायचा नसेल तर? पुन्हा घडी घालून बघितली तर हंसाऐवजी प्लॅस्टर घातलेला हात तयार झाला. तो त्यांनी कपाटात लपवला. चादरीचे कोपरे बघितले, ते बरे होते, तरी एकदा काढून पुन्हा खोचले. मग खिडकीशी उभ्या राहिल्या, मग दाराशी, मग पलंगाच्या कडेवर टेकल्या, मग पुन्हा उठल्या. भिंतीपलीकडे दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मावशींनी कान लावला, पण इथल्या भिंतीही मेल्या जाड.

संध्याकाळी जेवताना त्यांनी सापळा लावला.

"घरच्या गाद्या फार चपट्या झाल्यात," त्या सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या. "परत गेलं की नव्या भरून घेईन म्हणते. किती करायच्या? दोन की तीन?"

सुनेनं मुलाकडे पाहिलं. मुलानं ताटाकडे पाहिलं.

"एवढ्यात कशाला, आई," सून म्हणाली. "बघू नंतर."

"बरं, गॅसची नळी तरी बदलू या. जुनी झालीये."

"आत्ता नको, थांब जरा," मुलगा म्हणाला.

म्हणजे घर सोडायचं पक्कं. पण दोन की तीन, ते काही निघालं नाही. मावशींनी आणखी एक खडा टाकला. "पुढच्या वर्षी पुन्हा येऊ या का इथे?"

"यायला काय हरकत आहे," मुलगा म्हणाला. पुन्हा बिनमाणसाचं वाक्य! मावशींना वाटलं, उठून याच्या पाठीत एक धपाटा घालावा. पण निश्चय आठवला आणि त्या हसून म्हणाल्या, "भाजी छान झालीये हं." भाजीला चवच नव्हती.

"आवडतंय ना तुम्हाला इथे?" सुनेनं विचारलं, आणि विचारताना इतकं निरखून पाहिलं, की मावशींना वाटलं ही आता नाडी धरते की काय.

"खूप आवडलं!"

"वेळच्या वेळी जेवण, कामाला कुणी हात लावू देत नाही, सगळं हातात," सून म्हणाली. "असं कायम मिळालं तर?"

"सोन्याहून पिवळं!" मावशी म्हणाल्या.

दोघांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम सैल झाला. ते बघून मावशींना वाटलं, बाण बरोबर लागला. त्या रात्री त्यांना थोडीशी तरी झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मालिश. खोली अर्धवट अंधारी, वासाची मेणबत्ती, आणि कुठूनतरी टेपवर ओढ्याच्या पाण्याचा आवाज. दाराबाहेर खराखुरा समुद्र आणि आत टेपवरचा ओढा! मालिश करणारी बाई पांढऱ्या कपड्यातली, भरल्या दंडांची, आवाज मात्र सायीसारखा.

"आपण आता पालथं झोपू या," ती म्हणाली. "आपण डोळे मिटून घेऊ या."

"तू मिटलेस तर मालिश कोण करणार?" मावशी म्हणाल्या.

ती बाई फस्सकन हसली आणि लगेच सावरली. "आपण खोल श्वास घेऊ या."

"कुठल्या हॉस्पिटलात होतीस गं?"

"नाही हो, इथेच शिकले."

"मग तुला शिकवणारी वॉर्डातली असणार."

बाईनं पाठीवर तेल सोडलं. मावशींना आठवेना, आपल्या अंगाला शेवटचा कुणाचा हात कधी लागला. त्यांनी हजारो पाठी पुसल्या होत्या, पावडर लावली होती, चोळल्या होत्या, पण स्वतःची पाठ कुणाच्या हातात दिली नव्हती. अंग काही सैल सुटेना. "सोडा ना हात," बाई म्हणायची. "सोडलाय की." "नाही हो, तुम्हीच उचलून देताय मला." आणि खरंच, बाई हात उचलायच्या आधीच मावशी तो वर करत होत्या. बिचारीला कशाला ओझं!

डोक्यात चक्र चालूच होतं. एवढा लाड कशासाठी? बोकडाला न्हाऊ-माखू घालतात ते काही त्याच्यावर प्रेम उतू जातं म्हणून नव्हे. पण लगेच वाटायचं, नाही, पोरगा तसा नाही. बाकावर बसून अभ्यास केलेलं पोर ते.

"तुझी सासू असते का तुझ्याकडे?" त्यांनी पालथ्या पालथ्याच विचारलं.

"असते की. कटकट आहे नुसती. पण दोन दिवस लेकीकडे गेली की घर खायला उठतं."

मावशी ताडकन उठून बसायच्या बेतात होत्या. मालिशवाल्या बाईनं त्यांना हलकेच खाली दाबलं. "आपण आता शांत राहू या हं," ती म्हणाली. मावशी शांत राहिल्या, म्हणजे फक्त बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर सुनेनं विचारलं, "कसं वाटलं?" मावशी म्हणाल्या, "स्वर्ग!" मानेत लचक भरली होती, ती त्यांनी पदराखाली चोळली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, परतीच्या बोटीला वेळ होता तेव्हा, तिघं किनाऱ्यावर झाडाखालच्या खुर्च्यांवर बसली. मुलगा पायानं वाळू उकरत होता. मावशींनी ओळखलं, आता येतंय.

"आई, माझी बदली झालीये," मुलगा म्हणाला.

"हं."

"महिनाअखेरीला जायचंय."

जायचंय. पुन्हा कुणाला ते नाही.

"तिकडे एकच खोली मिळालीये, अकराव्या मजल्यावर. हीपण तिकडे नोकरी धरणार. सकाळी बाहेर पडलं की अंधार पडल्यावर घरी." तो थांबला. मग खुर्ची पुढे ओढून त्यानं मावशींचा हात हातात घेतला, आणि त्याचा आवाज मऊ झाला. "तर आपण काय करू या, आई? आपण एक फार छान जागा बघून ठेवलीये. बाग आहे, डॉक्टर येतो, तुझ्या वयाच्या बायका आहेत सोबतीला. सगळं वेळेवर, अगदी इथल्यासारखं. आपण तिथे आरामात राहू या हं."

झालं! महिनाभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता तो शब्द आला, एकदा नाही, तीन-तीनदा आला, पण भलत्याच आवाजात. तो आवाज त्याचा नव्हताच. तो मावशींचा होता. तोच मऊपणा, तोच हातावरचा हात, शेवटचा 'हं'सुद्धा तोच. ट्रॉली ढकलताना त्या अगदी असंच बोलायच्या.

"आपण म्हणजे कोण कोण रे?" मावशींनी विचारलं.

मुलाचा पाय पुन्हा वाळूत फिरायला लागला.

"सांग ना. तू राहणार आहेस तिथे?"

"नाही."

"ही राहणार आहे?"

सुनेनं मान खाली घातली.

"मग 'तू' म्हण. 'आई, तू तिथे राहा' असं म्हण की! लाज कसली वाटते?"

त्याला ते म्हणता येईना.

"आई, तुम्हाला इथे एवढं आवडलं," सून घाईघाईनं म्हणाली, "म्हणून आम्हाला धीर आला. त्यासाठीच आलो होतो इथे. कुणी सगळं हातात दिलं, काम करू दिलं नाही, तर तुम्हाला करमतं का ते बघावं म्हटलं. नसतं करमलं तर वेगळा विचार केला असता, खरंच."

"म्हणजे ही परीक्षा होती?"

"परीक्षा असं नाही हो..."

"आणि मी पास झाले!" मावशी ओरडल्या. आजूबाजूच्या आरामखुर्च्यांमधून डोकी वर आली. "अगं, मला इथलं काडीचंसुद्धा आवडलेलं नाही! त्या पलंगावर पाठ टेकत नाही माझी. जेवणाला चव नाही की ढव नाही. मालिश करून मान आखडलीय, ही बघ, वळत नाही इकडे. तो टॉवेलचा पक्षी मोडला म्हणून तीन दिवस चोरासारखी वागतेय मी. आणि ही शांतता! मेलेल्या माणसांच्या खोलीतसुद्धा याच्यापेक्षा आवाज असतो गं!"

"मग आवडलं आवडलं असं का म्हणत होतात?" सुनेला रडू फुटलं.

"तुम्ही मला न्यावं म्हणून!"

मावशींना स्वतःचंच वाक्य ऐकून धक्का बसला. इतकी वर्षं कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या बाईनं.

"आणि परत पडलीस तर?" मुलगा शेवटी म्हणाला.

ही गोष्ट घरात कुणी काढत नसे. मागच्या वर्षी मावशी न्हाणीत पाय घसरून पडल्या होत्या. सून माहेरी गेलेली, घरात कुणी नाही, दाराला आतून कडी. सकाळी पडल्या त्या मुलगा संध्याकाळी कामावरून येईपर्यंत ओल्या फरशीवर तशाच. शेवटी त्यानं दार फोडलं. त्यानंतर त्यानं किती वेळा सांगितलं, कडी लावत जाऊ नकोस. मावशी हो म्हणायच्या आणि आत गेल्या की कडी लावायच्या.

"पडले तर पडेन," मावशी म्हणाल्या. "पडायचंच असेल तर तुझ्या घरात पडेन."

"तू पडशील गं, पण दार मला फोडायचं असतं!" आता तो ओरडला. "तू आत होतीस, मी बाहेर होतो. मी हाका मारतोय आणि तू ओ देत नाहीस. मला वाटलं, गेलीस. कडी निघाली ना, तेव्हा मी डोळे मिटून घेतले, आई. आत बघायची छाती झाली नाही माझी. तसं दार मला पुन्हा उघडायचं नाहीये. ती जागा मी तुझ्यासाठी नाही बघितली. माझ्यासाठी बघितली."

ऑपरेशनच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्या किती नातेवाइकांना मावशींनी पाणी नेऊन दिलं होतं, पाठीवर हात ठेवला होता. आणि त्या दिवशी स्वतःचा पोरगा दाराबाहेर उभा होता, तर त्या घोगऱ्या आवाजात त्याच्यावर खेकसल्या होत्या, "दार कशाला फोडलंस? आधी टॉवेल दे." घसा सुकून दारापलीकडे जाईल एवढा आवाज फुटत नव्हता, म्हणून ओ दिली नव्हती, एवढंसुद्धा त्याला कधी सांगितलं नव्हतं.

आणि कडीचं म्हणाल, तर त्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. वॉर्डात त्यांनी पडदा असो-नसो शेकडो बायकांना उघड्यावर पुसून काढलं होतं. त्या बायका भिंतीकडे तोंड करून घ्यायच्या. मावशींनी तेव्हाच ठरवलं होतं, माझं असं होऊ देणार नाही. दोन खोल्यांच्या घरात फक्त तेवढी एक जागा त्यांची एकटीची होती, न्हाणी, आणि ती कडीमुळेच त्यांची होती.

"नाही लावणार," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कडी. तिकडे गेल्यावर न्हाणीची कडी लावणार नाही. नुसतं दार ओढून घेईन."

"दर वेळी असंच म्हणतेस."

"दर वेळी खोटं बोलत होते. आज खरं बोलतेय."

सून उठली. नवऱ्याला न विचारता तिनं फोन हातात घेतला. "मी त्या जागेवाल्यांना नाही म्हणून कळवते," ती म्हणाली आणि मनगटानं डोळे पुसत झाडापलीकडे गेली.

मुलगा तिथेच बसून होता. आईचा हात त्यानं अजून सोडला नव्हता.

"पण एक सांगून ठेवते," मावशी म्हणाल्या. "दार ढकलायच्या आधी हाक मारायची. मी ओ दिली, तर बाहेरच थांबायचं. पाऊल आत टाकायचं नाही. समजलं?"

"आणि नाही दिलीस तर?"

"तर ये आत," मावशी म्हणाल्या. "पण डोळे मिटू नकोस."